दोन माशांच्या मधला तळ

१४ मे, सोमवार

मान-बोक काहीतरी लपवतो आहे. काय ते अजून कळलेलं नाही.

बावीस वर्षं हा माणूस आमच्या हौदांवर काम करतो. ह्यांना 'दादा' म्हणतो, मला 'वहिनी' म्हणतो, संत्र्यांचं पहिलं खोकं दरवर्षी त्याच्या घरून येतं. सगळं खरं. पण आज सकाळी मी विचारलं, "सहा नंबरमध्ये खाद्य उरलं कसं?" तर माझ्याकडे न बघता स्वतःच्या गमबुटांना उत्तर दिलं, "भूक नसेल, वहिनी."

भाकस माशाला भूक नसते? दोन्ही डोळे एका अंगाला, तोंड वाकडं, आणि दिवसभर तळाशी चपटं पडून खाण्याची वाट बघायची. दुसरा उद्योग काय आहे त्या माशाला?

मग म्हणाला, "गर्दी झालीय."

हे तिसऱ्यांदा. मार्चमध्ये एकदा, एप्रिलमध्ये एकदा, आणि आज.

मी म्हटलं, "गर्दी झालीय म्हणजे तुझं काम वाढलंय, असं सरळ सांग की."

"तसं नाही. एकाच्या पाठीवर दुसरा, त्याच्यावर तिसरा. खालच्याला खायला मिळत नाही, आणि वरचा बेचैन."

"तू माशांच्या वतीने बोलायला कधीपासून लागलास?"

गप्प झाला. गप्प झालेला माणूस दोनच प्रकारचा असतो, दुखावलेला किंवा पकडला गेलेला. मान-बोक दुखावला जाणाऱ्यातला नाही.

१९ मे, शनिवार

आज ह्यांना अंघोळ घालताना जाणवलं, डाव्या दंडात ताकद आली आहे. मी साबण लावत होते तर त्यांनी माझं मनगट धरून बाजूला केलं, आणि चांगलं दुखलं मला. जिनसेंगचा काढा लागू पडतो आहे. तिकडे सोलहून मुलगी फोनवर म्हणते, "आई, काढ्याने काही होत नसतं, व्यायामाने होतं." तिला काय माहीत. ती तिकडे, मी इकडे.

गेल्या सप्टेंबरात झटका आला तेव्हापासून उजवं अंग गेलं आणि शब्द गेले. 'हो', 'नको' आणि 'च्यायला' एवढेच उरले. डॉक्टर म्हणाले, शिव्या मेंदूच्या वेगळ्या कप्प्यात असतात, त्या वाचतात. चाळीस वर्षांच्या संसारात मी यांच्या तोंडून शिवी ऐकली नव्हती. आता रोज ऐकते.

झटका आला त्याच पंधरवड्यात बोटुकली, माशांची बोटभर पिल्लं, घ्यायची होती. हे दर हौदात चार हजार सोडायचे. यांचा एक हट्ट होता, दोन माशांच्या मधे तळ दिसला पाहिजे. मला कायम वाटायचं, एवढी रिकामी जागा कशाला? पाणी तेवढंच ओढायचं, वीज तेवढीच, आणि तळ बघत बसायचं? मी साडेसहा हजार सोडली. गावातल्या एकूण एक मालकाने तेव्हा मान हलवली होती. त्या माना मी विसरलेले नाही. बाई काय करते ते बघू, असं म्हणत होत्या त्या माना.

३० मे, बुधवार

बारा हौदांतले शंभर मासे उलटे करून पाहिले. पांढऱ्या पोटावर काळे डाग. काहींच्या निम्म्या पोटावर, शाई सांडल्यासारखे. बाजारात असं पोट दिसलं की गिऱ्हाईक तोंड फिरवतं.

खाद्यवाल्याला फोन लावला. "तुम्ही भेसळ करताय."

तो म्हणाला, "बाई, हेच खाद्य मी अख्ख्या किनाऱ्याला देतो."

म्हणजे अख्ख्या किनाऱ्याला फसवतो.

५ जून, मंगळवार

मंगळवारी आणि शुक्रवारी दहा वाजता मान-बोक ह्यांना ट्रकमध्ये बसवून आरोग्य केंद्रात व्यायामाला नेतो. ही सोय त्यानेच एप्रिलमध्ये काढली. "तुम्ही हौदांवर असता वहिनी, मी नेतो दादांना." तेव्हा मला बरं वाटलं होतं. आता वाटतं, आपण होऊन सोय काढणाऱ्या माणसाला आधी विचारावं, तुझी काय सोय?

आज परत आले तेव्हा ह्यांच्या दोन्ही बाह्या कोपरापर्यंत ओल्या. विजारही ओली. मी मान-बोकला म्हटलं, "वेळेवर मोरीला नेत जा त्यांना. लाज वाटते त्यांना." तो हो हो म्हणाला. हे मात्र हसले. अर्धंच तोंड हसतं, पण हसले. माझ्याशी असे हसत नाहीत.

खरं लिहायचं तर ते मला लागलं.

११ जून, सोमवार

खाली किनाऱ्याच्या रस्त्यावर आमची जुनी शेड आहे. ह्यांनी धंदा सुरू केला तो तिथेच, चार लहान गोल हौदांवर. सहा वर्षं बंद आहे. आज तिच्यावरून गेले तर आत पंप चालू. मान-बोकचं घर शेडला लागूनच. त्याला विचारलं.

"पंप गंजू नये म्हणून मधूनमधून फिरवतो, वहिनी."

"किल्ली?"

"माझ्याकडे. दादांनी दिलीय."

दादांनी! ज्यांना स्वतःच्या विजारीची नाडी बांधता येत नाही, त्यांनी किल्ली दिली.

२० जून, बुधवार

आज मला कळलं ते इथे लिहूनच ठेवते.

ह्यांच्या गोळ्या आणायला आरोग्य केंद्रात गेले. व्यायाम घेणारी मुलगी म्हणाली, "काका हल्ली येत नाहीत? दोन महिने झाले. तब्येत बरी आहे ना?"

मी म्हटलं, "बरी आहे. पाहुणे आले होते." स्वतःच्या नवऱ्याचं गुपित परक्यांसमोर कशाला उघडायचं?

दोन महिने. आठवड्यातून दोनदा. माझ्या नवऱ्याला ट्रकमध्ये घालून हा माणूस नेतो कुठे? मी घरी येईपर्यंत सगळं जुळवलं. शेडची जमीन ह्यांच्या नावावर आहे. ज्याला 'हो' आणि 'नको' यापलीकडे बोलता येत नाही, त्याच्याकडून 'हो' काढून घ्यायला काय लागतं? कुठल्या तरी कचेरीत नेत असणार. कागदांवर शिक्का मारून घेत असणार.

सहीच्या जागी चालणारा ह्यांचा शिक्का कपाटात होता. तो मी किमचीच्या फ्रीजमध्ये, मुळ्याच्या डब्याखाली ठेवला आहे.

मान-बोकला अजून काही बोलले नाही. पूर्ण पकडायचं तर दोरी सैल सोडावी लागते.

३ जुलै, मंगळवार

ह्यांना समोर बसवून विचारलं. "मान-बोक तुम्हाला कुठे नेतो?"

ते खिडकीबाहेर बघू लागले.

"कागदावर शिक्का मारून घेतो?"

"नको."

"नको काय? घेतो की नाही?"

फार धडपड केली त्यांनी. कपाळाची शीर फुगली. "ग... ग..." याच्या पुढे काही येईना. मला वाटलं, गरम पाणी हवंय. आणून दिलं. त्यांनी हाताने पेला उडवून लावला. मग पुन्हा "ग... गर..." मी म्हटलं, गरमच आहे, पोळेल एवढं नाही. तर डोळे मिटून बसून राहिले.

काढ्यात ज्येष्ठमध वाढवायला हवं. चिडचिड फार होते.

१८ जुलै, बुधवार

मान-बोकला काढून टाकलं.

आज सहा नंबरच्या हौदातली निवड होती, मोठे एकीकडे, लहान एकीकडे. दर वेळी ती मान-बोक करतो आणि मी आकडा ऐकून घेते. आज मी स्वतः रबरी पँट चढवून पाण्यात उतरले. तो म्हणाला, "वहिनी, तुम्ही कशाला? पाठ धरेल." पाठ धरली, पण मोजल्याशिवाय वर आले नाही. साडेचार हजार. सोडले होते साडेसहा.

"दोन हजार मासे कुठे गेले?"

तो गमबुटांकडे बघायला लागला.

"मेले असतील."

"मेले तर मढी कुठे? दोन हजार मढी माझ्या नाकाला कळली नाहीत?"

"वहिनी, सहा नंबरची वाढ तरी बघा. बाकीच्या हौदांपेक्षा यातला मासा मोठा आहे. खाद्य पुरतंय आता. पोटंही—"

"मी वाढ विचारली नाही. मासे विचारले."

"ते सांगता येणार नाही."

"आणि दर मंगळवारी, शुक्रवारी माझ्या नवऱ्याला कुठे नेतोस?"

यावर मात्र त्याने वर बघितलं. त्याचा चेहरा कसा झाला ते सांगता येत नाही. चोर पकडल्यावर जसा होतो तसा नाही. लहान मुलाला एखादी वस्तू सांभाळायला दिलेली असावी आणि ती मोठ्यांनी हातातून ओढून घ्यावी, तसा काहीतरी. "तेही नाही सांगता येणार," म्हणाला.

"मग निघ."

बावीस वर्षांनंतर माणूस काहीतरी बोलेल असं मला वाटलं होतं. त्याने हातमोजे काढले, उलटे करून वाळत घातले आणि निघाला. फाटकाशी वळून म्हणाला, "ऑगस्टमध्ये पाण्याकडे लक्ष ठेवा, वहिनी. यंदा समुद्र लवकर तापतोय." धमकी होती की काय, कळेना.

१९ जुलै, गुरुवार

हे जेवले नाहीत.

२० जुलै, शुक्रवार

आज चार घास अबालोन शिंपल्यांची पेज. दहा वाजता दाराकडे तोंड करून बसले ते बारापर्यंत. मी म्हटलं, तो येणार नाही. "च्यायला," म्हणाले. माझ्याकडे बघून म्हणाले. पहिल्यांदाच.

२७ जुलै, शुक्रवार

आज मी नवरा घालवला होता.

साडेदहाला हौदांवरून घरी डोकावले तर खुर्ची रिकामी, काठी नाही, फाटक उघडं. हे काठी घेऊन पलंगापासून मोरीपर्यंत जातात, मधे दोनदा थांबतात. मी हाका मारत रस्त्यावर धावले. खाली किनाऱ्याच्या वळणावर, घरापासून तीनशे पावलं तरी असतील, काळ्या दगडांच्या बांधाला धरून उभे होते. एक चप्पल मागे रस्त्यात पडलेली. गुडघा फुटलेला. शर्ट घामाने चिकटलेला. आणि समुद्राकडे तोंड.

माझ्या मनात जे आलं ते इथे लिहितेच, कारण दुसऱ्या कोणाला सांगणार नाही. मला वाटलं, हे समुद्रात जायला निघालेत.

मी त्यांना मिठी मारली. भर रस्त्यात, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी. म्हटलं, "माझा एवढा कंटाळा आला?" ते काठीने पुढे दाखवत होते, रस्त्याच्या पुढे, उतारावर. त्या बाजूला जुनी शेड आणि मान-बोकचं घर, दुसरं काही नाही. "नको, नको," म्हणत होते. मी म्हटलं, मलाही नको आहे, घरी चला.

फाटकाला कुलूप घातलं आहे. किल्ली माझ्या गळ्यात.

एवढं चालले कसे, हे मात्र राहून राहून मनात येतं. काढा थांबवायला नको.

१ ऑगस्ट, बुधवार

बुसानहून हाम साहेब आले. जिवंत माशांचे घाऊक व्यापारी, पंधरा वर्षं आमचाच मासा नेतात. बोलायला गोड आणि हाताने मासा असा फिरवतात की कुठलंही वैगुण्य लपत नाही. तीन नंबरमधला एक मासा काढला, रक्त काढलं, तिथेच फळीवर काप केले. एक काप बोटांनी उचलून उन्हात धरला. चावला. खूप वेळ चावला.

"बू-बाई," म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका. हा मासा ओला आहे."

"मासा ओलाच असतो."

"तसं नाही. मांस सैल आहे. दाताखाली काही म्हणतच नाही. तुमच्या यजमानांचा मासा दाताला उत्तर द्यायचा." मग मासा उलटा केला. "आणि हे डाग. आणि पंखाच्या कडा बघा, कुरतडलेल्या. एकमेकांना चावतात हे. कोंबलंत तुम्ही यांना."

मी म्हटलं, "भाव पाडायचा तर पाडा, माशाला नावं ठेवू नका."

ते हसले. "भाव पाडायला मी एवढं चावलो नसतो. खरं सांगू? परवा रात्रीच्या बोटीने आलो, तर मान-बोकने जेवायला बोलावलं होतं. त्याने काप वाढले. अहो, जुनी चव! मी म्हटलं, हा मासा कुठला? नुसता हसला."

हाम साहेब बाकीचे अकरा हौद नको म्हणून गेले. सहा नंबरमधले तेवढे घेतो म्हणाले.

आता सगळं लख्ख आहे. माझे दोन हजार मासे त्याच्याकडे आहेत. माझ्या शेडमध्ये. माझ्या पाण्यावर. माझ्या खाद्यावर, कदाचित. आणि माझ्याच व्यापाऱ्याला तो ते खायला घालतो आहे. पुढच्या आठवड्यात कुलूप कापायची पक्कड आणि एक पोलीस घेऊन जायचं. पोलिसाला सोबत घेतल्याशिवाय नाही, म्हणजे नंतर बाईने कांगावा केला असं कोणी म्हणायला नको.

७ ऑगस्ट, मंगळवार

पाणी अठ्ठावीस अंश. नवा माणूस, इम, म्हणतो प्राणवायू वाढवू. वाढवला.

१० ऑगस्ट, शुक्रवार

कालचं आज लिहिते आहे. काल हातात पेन धरवलं नसतं.

काल दुपारी एकला पाणी एकोणतीसच्या वर गेलं. वारा पडला होता. इम पळत आला, "बाई, वर येतायत!" भाकस कधी वर येत नाही. तो तळाचा मासा. मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं, हौदाच्या हौद मासे पृष्ठभागावर, वाकडी तोंडं उघडी, एकमेकांच्या अंगावर चढून हवेकडे. खालून जो वर येऊ बघेल त्याला वरचे येऊ देत नव्हते. पाणी दिसतच नव्हतं, पाठीच पाठी. प्राणवायूच्या नळकांड्या संपल्या आणि नव्या मागवल्या तर म्हणाले, अख्खा किनारा मागतोय, संध्याकाळी बघू.

संध्याकाळी! मी कठड्याला धरून उभी होते आणि माझ्या समोर तीन नंबरचा हौद पांढरा होत गेला. मासा मरताना उलटा होतो. पांढरं पोट वर येतं. पांढरं कसलं, डागांचं.

तेवढ्यात फाटकाशी हॉर्न. मान-बोकचा ट्रक, मागे चार निळी टबं भरलेली, थंड पाणी हिंदकळतंय. पुढच्या सीटवर हे! मी कुलपाची किल्ली चाचपली, ती गळ्यातच होती. मागच्या कुंपणाची तार उचलून याने यांना बाहेर काढलं होतं.

"तुला कोणी सांगितलं?" मी ओरडले.

"दादांनी मला फोन केला."

"ते बोलतात कुठे?"

"माझा नंबर दाबला आणि 'च्यायला, च्यायला, च्यायला' म्हणाले. मला कळलं. वहिनी, भांडण उद्या करू. सात, आठ आणि नऊ आधी उपसू, त्यांत अजून जीव आहे. तीन सोडून द्या."

"तीन सोडून देऊ?"

"तीन गेला."

मी सोडला. जाळीने मासे उचलायचे, टबात टाकायचे, ट्रक उतारावरून शेडकडे. इम, मी, मान-बोक आणि त्याची बायको. ती समुद्रात बुडी मारून शिंपले काढते; अंगावर तो काळा पोशाख तसाच, किनाऱ्यावरून तशीच धावत आली होती. सात फेऱ्या झाल्या. आठव्या फेरीला मी ट्रकमध्ये मागे बसून शेडमध्ये गेले.

आत गार होतं. पंप विहिरीचं खारं पाणी ओढत होता, सतरा अंशांचं. चार हौदांपैकी दोनांत आज आणलेले मासे, घाबरे, कोपऱ्यात गोळा झालेले. उरलेल्या दोनांत माझे दोन हजार.

मी ते ओळखले म्हणजे काय, कळपातली गाय ओळखावी तसे नाही. पण ते माझे होते, हे कळलं. हाताएवढे रुंद, जाड, वाळूच्या रंगाचे. प्रत्येक जण वेगळा पडलेला. मधे तळ दिसत होता. मान-बोकने न विचारता एक उचलून उलटा केला. पोट तांदळाच्या पिठासारखं पांढरं.

"चोरले नव्हते, वहिनी. हलवले होते."

"का?"

"तीनदा सांगितलं होतं तुम्हाला."

"चौथ्यांदा सांगायचं."

"चौथ्यांदा तुम्ही ऐकलं असतं?"

मी जाळी उचलली. बाहेर ट्रक उभा होता आणि अजून मासे मरत होते.

१२ ऑगस्ट, रविवार

पाच हौद संपले. तीस हजारांवर मासे. आज यंत्राने खड्डा खणून पुरले, चुना टाकला. गावातले मालक आले होते. या वेळी कोणी मान हलवली नाही. दोघातिघांचेही मेले आहेत. एक म्हणाला, "यंदा सगळ्यांनीच जास्त कोंबले." मला त्याने बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

वास जात नाही.

२० ऑगस्ट, सोमवार

मान-बोकला परत बोलावलं. मी माफी मागितली नाही. मी म्हटलं, "सोमवारपासून ये." तो म्हणाला, "आज सोमवारच आहे." मग हातमोजे घालून कामाला लागला.

दुपारी एकटा असताना विचारलं, "मासे हलवायची अक्कल कोणाची?"

"माझी."

"आणि ह्यांना का न्यायचास?"

"एकट्याला कंटाळा येतो, वहिनी. दादा नुसते बसायचे. गाणी ऐकायचो."

गमबुटांकडे बघत बोलला.

५ सप्टेंबर, बुधवार

मान-बोक ह्यांना आता रोज शेडवर नेतो. शेडच्या मागच्या बाजूची एक फळी निघालेली आहे. मी आज तिच्यातून आत पाहिलं. नवऱ्यावर पाळत ठेवणारी बाई म्हणून मला कोणी हसायचं असेल तर हसावं, इथे मीच आहे.

हे उलट्या क्रेटवर बसले होते. पँट मांडीपर्यंत भिजलेली. मान-बोक जाळीत मासा धरून समोर आणायचा. हे डावा हात पाण्यात घालून माशाखाली सरकवायचे, तळव्यावर पेलायचे, अंगठ्याने पाठीचं मांस दाबायचे. चाळीस वर्षांपूर्वी असेच दाबायचे.

"हा इथेच, दादा?"

"हो."

"हा?"

"नको."

मग तो मासा दुसऱ्या हौदात. एकदा ह्यांचा हात निसटला, मासा उसळला, हे क्रेटवरून कोसळले ते थेट पाण्यात. मी फळी घट्ट धरली. मान-बोक उचलायला धावला नाही. हौदाच्या काठाशी बसून राहिला. ह्यांनी डाव्या कोपरावर भार दिला, पाय गोळा केला, पुन्हा घसरले, पुन्हा भार दिला. बराच वेळ गेला. मग काठाला धरून उभे राहिले. लहान मुलासारखे रडत होते आणि उभे होते.

मान-बोक म्हणाला, "काल याला दुप्पट वेळ लागला होता, दादा."

मी आवाज न करता परत आले.

६ सप्टेंबर, गुरुवार

मान-बोकला फैलावर घेतलं. आधी नाही नाही म्हणाला. मग म्हणाला, "दादांनी हात धरून ठेवला होता माझा. सोडेचनात. तुमच्या घराकडे बोट दाखवून 'नको, नको' करत होते. मला काय ते कळलं. तुम्ही त्यांना पडलेलं बघू नये, एवढंच."

"आणि चोर म्हणून निघून गेलास?"

"दादा स्वतः सांगतील असं वाटलं. जमलं की."

"मासे हलवायचं त्यांनी सांगितलं?"

"एप्रिलमध्ये फिरायला म्हणून हौदांवर आणलं होतं एकदा. सहा नंबरमध्ये बघितलं आणि जे काही तोंडाला आलं वहिनी, तुमच्यासमोर नाही सांगत."

मी त्या वेळी कुठे होते? खाद्य ढवळत असेन.

सगळं समजलं असं वाटतं आहे, आणि तरी आज संध्याकाळी मी फ्रीजमधून शिक्का काढून परत कपाटात ठेवायला गेले आणि ठेवला नाही. मान-बोकवर संशय नाही. सवय झाली आहे.

२२ सप्टेंबर, शनिवार

सणाला मुलगी आली. म्हणाली, "बाबांची चाल केवढी सुधारली! कोण घेतं व्यायाम?"

मी म्हटलं, "आरोग्य केंद्रात जातात. मंगळवारी आणि शुक्रवारी."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी भाताच्या केकचा तुकडा तोंडात टाकला आणि दुसरीकडे बघितलं.

४ ऑक्टोबर, गुरुवार

बोटुकलीवाल्याचा फोन आला. यंदाची ऑर्डर. मी फोन कानाला धरून ह्यांच्यासमोर पाटी सरकवली, वर खडू ठेवला. विचारलं, "दर हौदात किती?"

डाव्या हाताने आकडा काढायला वेळ लागला. तीन, आणि तीन शून्यं.

मी फोनवर म्हटलं, "तीन हजार."

"तीन? बाई, गेल्या वर्षी साडेसहा नेली होतीत. निम्म्याहून कमी? हौद ओस पडतील तुमचे."

"मालक तीन म्हणतात."

"मालक? पण ते तर..."

"ते समोर बसलेत."

मग म्हणाला, "बरं. नक्की ना? नंतर म्हणाल, कमी पाठवली."

मी ह्यांच्याकडे बघितलं. त्यांचं लक्ष नव्हतं. टोपलीतलं हिरवट संत्रं त्यांनी छातीशी धरलं होतं आणि डाव्या अंगठ्याने साल काढत होते. साल तुटायची, संत्रं निसटायचं, मांडीवरून पुन्हा उचलायचे. रस मनगटावरून ओघळत होता. माझा हात दोनदा पुढे गेला.

"नक्की," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

पहिली फोड त्यांनी स्वतःच्या तोंडात घातली. दुसरी सोडवायला पुन्हा तेवढाच वेळ घेतला आणि माझ्यापुढे धरली. कच्चं होतं, आंबट ढाण. मी सगळी खाल्ली.